आह-क्यू आणि त्याला हसणारे

चिनी वाङ्मयाशीं आम्हां मराठी वाचकांचा परिचय अगदींच तोकडा आहे. चीनचें नांव निघालें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस उभे राहतात. जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यासाठीं १९३८ सालीं राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें जें पथक धाडलें त्यांत ते होते, आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरहि होते. पुढें ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें नुकतींच उलटलीं असतां, कोटणीसांनीं त्याच भूमीवर देह ठेविला. चार वर्षांनीं शांतारामबापूंनीं त्यांची कथा पडद्यावर आणली व ती घरोघर पोहोंचली. परंतु ज्या लोकांच्या जखमा बांधण्यासाठीं हे वैद्य गेले, त्या लोकांच्या मनांत काय सलत होतें हें जाणून घेण्याची जिज्ञासा आम्हीं क्वचितच दाखविली. ती दाखवावयाची झाल्यास जिच्यापासून आरंभ करावा अशी एकच कथा निवडा असें कोणीं म्हटलें, तर आम्ही लू शुन ह्या लेखकाच्या 'आह-क्यूची सत्यकथा' हिचें नांव सांगूं. ही कथा आम्हीं इंग्रजी भाषांतरावरून वाचली आहे, मूळ चिनी आम्हांस येत नाहीं, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

लू शुन हें टोपणनांव. ह्या गृहस्थाचें खरें नांव चौ शू-रेन. जन्म १८८१ सालीं शाओशिंग ह्या गांवीं, मृत्यु १९३६ सालीं शांघाय येथें. योगायोग असा कीं हाहि वैद्य व्हावयास निघालेला मनुष्य होता. १९०४ सालीं तो जपानांतील सेंदाई येथील वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाला. त्या वेळीं रशिया व जपान ह्यांचें युद्ध चालू होतें, आणि तास संपून वेळ उरला म्हणजे वर्गांत युद्धाचीं चित्रें जादूच्या दिव्यानें दाखवीत असत. अशा एका चित्रांत रशियाचा हेर म्हणून पकडलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद व्हावयाचा होता, आणि तो सोहळा पाहावयास भोंवतीं चिनी लोकांचीच गर्दी जमली होती. शरीरानें धट्टेकट्टे, परंतु चेहऱ्यावर कसलाहि भाव नाहीं. तें चित्र ह्या तरुणाच्या मनांतून जाईना. ज्या लोकांचीं मनें अशीं बधिर झालीं आहेत त्यांचीं शरीरें सुधारून काय उपयोग, असें वाटून त्यानें वैद्यक सोडलें व लेखणी धरली. त्या गर्दीची आठवण वाचकांनीं ठेवावी. आमच्या विवेचनाच्या शेवटीं तिच्याशीं पुन्हा गांठ पडावयाची आहे.

'आह-क्यूची सत्यकथा' डिसेंबर १९२१ पासून फेब्रुवारी १९२२ पर्यंत पेकिंगच्या एका दैनिकाच्या पुरवणींत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९२३ सालीं लेखकाच्या पहिल्या कथासंग्रहांत आली. प्रकरणें नऊ, लांबी आमच्या एखाद्या दीर्घ गोष्टीएवढी. नायक वेईच्वांग नांवाच्या खेड्यांतील एक मजूर. त्याला घर नाहीं, ग्रामदेवतेच्या देवळांत तो निजतो. त्याला आडनांव नाहीं, आणि नांव कसें लिहावें हेंहि कोणास ठाऊक नाहीं. म्हणून लेखक चिनी अक्षरांच्या रांगेंत इंग्रजी 'क्यू' हें अक्षर बसवून मोकळा होतो. कोणी गहूं कापावयास बोलावलें तर हा गहूं कापतो, भात कांडावयास बोलावलें तर भात कांडतो. काम असेपर्यंत लोकांस त्याची आठवण असते, काम संपलें कीं नसते.

ह्या मनुष्याजवळ एक अद्भुत कला आहे. पराभव कितीहि मोठा असो, त्याचा तो मनांतल्या मनांत विजय करूं शकतो. गांवच्या टवाळांनीं त्याला धरून भिंतीवर डोकें आपटलें, तर आपल्याच पोरानें आपल्याला मारलें, काळच फिरला आहे, असें म्हणून तो समाधानानें चालता होतो. डोक्यावर खवड्याचे डाग आहेत, म्हणून 'टक्कल' हा शब्द त्याच्यापुढें काढावयाचा नाहीं. पुढें 'उजेड' आणि 'दिवा' हे शब्दहि त्याला झोंबूं लागतात. जुगारांत एकदां रुपयांचा ढीग जिंकला आणि मारामारीच्या गोंधळांत तो नाहींसा झाला, तेव्हां आपल्याच उजव्या हातानें त्यानें आपल्या दोन थोबाडींत भडकावल्या. मारणारा आपण व मार खाणारा दुसराच कोणी, अशी भावना होऊन त्याला शांत झोंप लागली. आणि कोणाशीं कडाक्याचें भांडण जुंपलें म्हणजे त्याचें ठरलेलें अस्त्र असें कीं, आमचें घराणें एके काळीं तुमच्याहून कितीतरी संपन्न होतें, तुम्ही कोण लागून गेलांत!

येथपर्यंत वाचून हसूं न येणारा वाचक विरळाच. आणि हंसतां हंसतां त्याला दुसरीहि एक गोष्ट जाणवते, ती ही कीं हा मनुष्य ओळखीचा आहे. चिनी टीकाकारांनीं त्याच्या ह्या वृत्तीस मानसिक विजयाची पद्धति असें नांव दिलें आणि ती एका मजुराची नसून सबंध राष्ट्राची आहे असें सांगितलें. अफूच्या युद्धापासून एकामागून एक परकीय सत्तेनें ज्याला तुडविलें, तें राष्ट्र आपल्या प्राचीन संस्कृतीच्या कथा सांगून स्वतःचें सांत्वन करीत बसलें, हें आह-क्यूचें खरें रूप. आपल्या मुक्या देशबांधवांचा आत्मा रेखाटण्याचा आपला यत्न होता, असें लेखकानें स्वतःहि रशियन भाषांतराच्या प्रस्तावनेंत म्हटलें आहे. तेव्हां हा अर्थ खोटा मानण्याचें कारण नाहीं.

आम्हां मराठी लोकांस तर तो अर्थ पटविण्यास वेगळा पुरावा नको. पराभवाच्या काळांत पूर्ववैभवाच्या उबेंत झोंपून जाण्याची संवय आम्हांसहि होती. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला तो बऱ्याच अंशीं ह्याच संवयीवर कोरडे ओढण्यासाठीं. विमानें आमच्याकडे होतींच, शस्त्रक्रिया आमच्याकडे होतीच, असें म्हणून पाश्चात्त्यांच्या प्रत्येक शोधाला पुराणांतील एखादा श्लोक काढून दाखविणारे गृहस्थ प्रत्येक गांवच्या पारावर भेटत, आणि ते आज नाहींसे झाले आहेत असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. राष्ट्राच्या दुर्दशेचें कारण आधीं स्वतःमध्यें शोधावें हा विचारहि आम्हांस परका नाहीं. इंग्रजांनीं हिंदुस्थान घेतला नाहीं, आम्हींच तो त्यांस दिला, असें 'हिंद स्वराज्यां'त १९०९ सालीं लिहिणारे महात्माजी पुढें १९३६ पासून आमच्याच वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामीं, राहिले. आह-क्यूचा कर्ता आणि सेवाग्रामचे महात्माजी ह्यांचे मार्ग अत्यंत भिन्न. परंतु परक्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं स्वतःच्या घरांत दिवा लावून पाहण्याचा आग्रह दोघांचाहि आहे.

तथापि एवढ्यावर थांबलें तर कथेचा अर्धाच अर्थ हातीं लागतो असें आमचें मत आहे. आह-क्यू म्हणजे राष्ट्र, असें एकदां ठरविलें कीं आह-क्यू म्हणजे एक मजूर, ही गोष्ट आपण विसरतों. आणि ती विसरली कीं कथेंतील खरा प्रश्न दृष्टीआड होतो. तो प्रश्न असा कीं, ह्या मजुरास हसणारा कोण?

ह्या ठिकाणीं आमच्या मराठी विनोदाशीं तुलना केल्यानें पुष्कळ उलगडा होईल. आधुनिक मराठी विनोदाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आमच्या ह्याच भागांतले. जन्म नागपूरचा, वकिली वऱ्हाडांत. 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त आला आणि पुढें 'सुदाम्याचे पोहे' ह्या नांवानें हे लेख अजरामर झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हें त्रिकूट सण, व्रतें, लग्नकार्यें व सार्वजनिक उत्सव ह्यांतून हिंडतें आणि पांढरपेशा समाजाच्या भोळसटपणाचें व ढोंगाचें हसें करून सोडतें. येथें हसणारा वाचक, हसविणारा लेखक आणि हास्यास विषय झालेलीं पात्रें हीं सारीं एकाच ओसरीवर बसलेलीं आहेत. वाचक सुदाम्याला हसतो तेव्हां तो आपल्याच काकांना, आपल्याच शेजाऱ्याला व थोडेंसें स्वतःलाहि हसतो. हसून झाल्यावर लाजतो आणि थोडा सुधारतो. चिं. वि. जोशी ह्यांच्या चिमणरावांच्या बाबतींतहि तेंच. चिमणरावांची फजिती पाहून आम्ही पोट धरून हसतों. परंतु चिमणराव संध्याकाळीं घरीं परततात, त्यांना कोणी भिंतीवर आपटीत नाहीं.

आह-क्यूची गोष्ट ह्याच तऱ्हेच्या हास्यानें आरंभली होती. तिचें पहिलें प्रकरण त्या पुरवणीच्या विनोदी सदरांतच छापलें गेलें, आणि त्या सदरास शोभावें म्हणून आपण त्यांत नको तेवढा विनोद भरला, अशी कबुली लेखकानें पुढें दिली आहे. परंतु दुसऱ्या प्रकरणापासून ती कथा विनोदाच्या सदरांतून उचलून नव्या वाङ्मयाच्या सदरांत नेण्यांत आली. हा बदल संपादकांनीं केला खरा, पण आमच्या मतें कथेच्या प्रकृतींतच तो होता. कारण येथें ओसरी एक नाहीं. लेखक शिकलेला, वाचक शिकलेला, आणि ज्याला हसावयाचें तो मात्र निरक्षर, भूमिहीन, देवळांत निजणारा. मजुराच्या अज्ञानावर शिकलेल्यांनीं हसावें ह्यांत नवें तें काय? जोतीरावांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' लिहिलें तेव्हां फसलेल्या कुणब्याकडून फसविणाऱ्या जोशाकडे हास्याचा रोख वळविला. लू शुनची युक्ति ह्याहून वेगळी आहे. तो वाचकाला मजुरावर यथेच्छ हसूं देतो, आणि मग हळूहळू त्याच्या लक्षांत आणून देतो कीं वेईच्वांगच्या चव्हाट्यावर उभे राहून जे टवाळ हसत आहेत त्यांच्यांत एक माणूस वाढला आहे, आणि तो म्हणजे तूं.

ही युक्ति कोठें कोठें लपली आहे तें पाहावें. पहिल्या प्रकरणांतील आडनांवाचा प्रसंगच घ्या. गांवच्या चाओ नांवाच्या धनिकाचा मुलगा सरकारी परीक्षा उतरला. तेव्हां दोन पेले चढवून आनंदांत आलेल्या आह-क्यूनें आपणहि त्याच कुळांतले, असें सांगून टाकलें. दुसऱ्या दिवशीं धनिकानें त्यास बोलावून थोबाडींत दिली. चाओ म्हणवून घेण्याची तुझी योग्यता काय, असें बजावलें. त्यानंतर त्याचें आडनांव पुन्हा निघालें नाहीं. प्रथम वाचतांना ह्या प्रकाराची गंमत वाटते. परंतु खेड्यांत नांव ही काय वस्तु आहे हें ज्यानें पाहिलें आहे त्याला ती गंमत फार वेळ टिकवितां येणार नाहीं. आमच्याकडे पाटील-देशमुखांच्या नांवापुढें 'राव' लागे, भटजींच्या नांवापुढें 'पंत' लागे, आणि सालदाराच्या नांवाला 'या' लागे. धोंडीचा धोंड्या होई, आणि त्याचें आडनांव पाडव्याला साल ठरवितांनाहि कोणास विचारावेंसें वाटत नसे. आणि पुढें सातव्या प्रकरणांत काय होतें? क्रांतीची हूल उठतांच आह-क्यू रस्त्यानें ओरडत सुटतो, तेव्हां तोच चाओ धनिक घाबरून खालच्या आवाजांत त्याला बहुमानाची उपाधि लावून हांक मारतो. जणूं काय धोंड्याचा एका रात्रींत धोंडोपंत झाला! गंमत अशी कीं, आह-क्यूला ती हांक आपल्यालाच आहे हें कळतच नाहीं. एवढ्या एका हांकेंत लेखकानें गांवची सारी समाजरचना उघडी केली आहे.

ही क्रांति म्हणजे १९११ सालची, जिनें मांचू बादशाही उलथून चीनमध्यें प्रजासत्ताक स्थापिलें. आह-क्यूला तिच्यांतील तत्त्व कांहींच कळत नाहीं. ज्या अर्थी गांवचे बडे लोक तिला भितात त्या अर्थी ती चांगली असली पाहिजे, एवढेंच त्याला समजतें. देवळांत पडल्या पडल्या तो स्वप्न पाहतो. त्यांत शत्रूंचा सूड आहे, चाओच्या घरचा पलंग आहे, हवी ती बायको आहे. न्याय मात्र कोठेंच नाहीं. लेखकानें येथें दरिद्र्याला सद्गुणाचा मुलामा दिलेला नाहीं. लहान भिक्षुणीची छेड काढणारा, आपल्याहून दुबळ्याला चोपणारा हा मनुष्य सत्ता मिळाल्यास काय करील ह्याविषयीं तो वाचकास भ्रमांत ठेवीत नाहीं.

परंतु आह-क्यू स्वप्न पाहत असतां क्रांति दुसरेच लोक करून मोकळे झाले. त्या चाओचा परीक्षा उतरलेला चिरंजीव आणि गांवचा 'खोटा फिरंगी' ह्या दोघांनीं भिक्षुणींच्या मठांत जाऊन बादशहाच्या दीर्घायुष्याची पाटी फोडली आणि परततांना तेथील एक मौल्यवान धूपपात्र बरोबर नेलें. झाली क्रांति! मग पैसे भरून नव्या पक्षाचें चांदीचें पदक मिळविलें व तें छातीवर लावलें. गांवचा मुलकी अंमलदार तोच राहिला, फौजेचा अधिकारीहि तोच राहिला. बिल्ले मात्र बदलले. आणि आह-क्यू जेव्हां क्रांतींत भाग घेऊं द्या म्हणून त्या खोट्या फिरंग्याकडे गेला, तेव्हां त्यानें काठी उगारून त्याला हांकलून दिलें.

हा खोटा फिरंगी म्हणजे कोण? परदेशी शाळेंत शिकलेला, जपानांत सहा महिने राहून आलेला, तिकडे वेणी कापून आल्यामुळें घरीं खोटी वेणी लावणारा एक सुशिक्षित तरुण. इंग्रजी विद्येवर पोसलेल्या आम्हां पदवीधरांना ह्या पात्राशीं नजर भिडवितांना थोडें अवघड वाटतें, हें आम्ही कबूल करितों. आह-क्यूचे दोष आम्हांस चटकन दिसले. हा गृहस्थ मात्र दोनतीन वाचनांपर्यंत आम्हांस एक किरकोळ विनोदी पात्र वाटत होता. ज्या कथेंत आपलें स्थान नायकाच्या जागीं आहे असें समजून आपण राष्ट्रीय आत्मपरीक्षणाचें पुण्य पदरीं पाडून घेतों, त्याच कथेंत आपली खरी जागा काठी घेऊन दारांत उभ्या असलेल्या मनुष्याची आहे, हें ध्यानांत यावयास वेळ लागतो. बिल्ले बदलण्याची कला तर आम्हांस शिकविण्याची गरजच नव्हती. खादीची टोपी वर्ध्याच्या रस्त्यांवर कित्येकांनीं व्रत म्हणून घातली; आणि १९४७ नंतर ती सोय म्हणून घालणारेहि आमच्या पिढीनें घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत.

तरी खेड्यांतील सामान्य मनुष्य क्रांतीला सर्वस्वीं नालायक आहे असा अर्थ कोणी काढूं नये. आमच्या ह्याच जिल्ह्यांत, आष्टी येथें, १६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, गांवोगांवचे लोक पोलिस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, माणसें पडलीं, आणि ती रणधुमाळी जिल्ह्याच्या इतिहासांत अमर झाली. त्या दिवशीं गांवकरी प्रेक्षक नव्हते. वेईच्वांगचा धडा एवढाच कीं, क्रांति जेव्हां वरच्या माणसांच्या आपसांतील वाटणीसारखी येते, तेव्हां खालच्या माणसाला तिची फक्त आरोळी मिळते, आणि पुष्कळदां त्या आरोळीची शिक्षाहि त्यालाच मिळते.

आह-क्यूचें तसेंच झालें. चाओच्या घरीं दरोडा पडला. त्यांत आह-क्यूचा हात नव्हता. तरी त्याला पकडून शहरांत नेलें. न्यायासनापुढें उभें करतांच त्याचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. उभा राहा म्हणून सांगितलें तरी टेकलेच. काय घडतें आहे हें त्याला शेवटपर्यंत कळलें नाहीं. कबुलीजबाबावर सही करण्यास सांगितलें, तर ह्याला अक्षर येत नाहीं. तेव्हां एक वर्तुळ काढ म्हणाले. आयुष्यांत प्रथमच हातांत लेखणी आलेली; हात थरथरूं लागला. वर्तुळ गोल यावें म्हणून त्यानें जिवापाड यत्न केला, आणि तरी शेवटीं तें कलिंगडाच्या बीसारखें वेडेंवांकडें उमटलें. आपल्याला गोळी घालणार ह्यापेक्षां वर्तुळ गोल आलें नाहीं ह्याचीच त्याला अधिक लाज वाटली. आमच्या कचेऱ्यांतून ज्या असंख्य लोकांनीं न वाचतां येणाऱ्या कागदांवर आंगठे उमटविले, त्यांची आठवण होऊन ह्या ठिकाणीं आमचें हसूं ओंठांवरच थिजलें. सबंध कथेंत ह्याहून भयंकर असें आम्हांस कांहीं आढळलें नाहीं. आणि लेखकानें तें सांगितलें आहे विनोदाच्याच स्वरांत.

मग धिंड निघते. दोन्ही बाजूंस गर्दी. मरावयास निघालेल्या वीरानें नाटकांतलें एखादें पद म्हणावें अशी लोकांची अपेक्षा. आह-क्यूला धड पदहि आठवत नाहीं. तो पुनर्जन्माविषयींचें एक जुनें वीरवाक्य अर्धवट उच्चारतो आणि गर्दी लांडग्यासारखी वाहवा करते. त्या क्षणीं त्याला पूर्वीं डोंगरांत पाठीस लागलेल्या एका लांडग्याचे डोळे आठवतात, आणि हे भोंवतालचे डोळे त्याहून भयंकर वाटतात. ते त्याचा आत्माच चावून खात आहेत असें वाटतें. आयुष्यभर ज्यानें प्रत्येक पराभवाचा विजय केला, त्याची ती कला येथें प्रथमच निकामी होते. साहाय्यासाठीं ओरडावेंसें त्याला वाटतें, पण तोंडांतून शब्द फुटत नाहीं. मागून गांवकऱ्यांचें मत पडतें कीं तो वाईटच असला पाहिजे, नाहींतर त्याला गोळी कां घातली असती? आणि शहरांतले लोक नाराज होतात, कारण गोळी घालणें हें शिरच्छेदाइतकें प्रेक्षणीय नाहीं, आणि हा वेडा एकहि पद न म्हणतां मेला. आपली पायपीट फुकट गेली.

सेंदाईच्या वर्गांत पाहिलेली गर्दी ती हीच. सोळा वर्षें लेखकानें ती मनांत बाळगली, आणि शेवटीं ती वाचकाच्या भोंवतीं आणून उभी केली. पहिल्या पांच प्रकरणांत आपण आह-क्यूची फजिती पाहावयास जमलों होतों. शेवटच्या प्रकरणांत त्याच उत्सुकतेनें जमलेले लोक आपल्याला दिसतात, आणि त्यांच्यांत आपला चेहरा दिसतो. शेवटच्या प्रकरणाचें नांवहि लेखकानें चिनी नाटकांतील सुखान्त मीलनाचें ठेविलें आहे; प्रेक्षकाची हौस त्यानें शेवटपर्यंत हिशेबांत धरली होती, ह्याचें हें एक गमक.

ह्या कथेवर दोन आक्षेप घेण्यांत आले आहेत. एक चेंग चेन-तो ह्या विद्वानाचा, कीं आह-क्यूचा शेवट फार घाईनें उरकला आहे, आणि असला मनुष्य क्रांतिकारक होऊं पाहतो हें त्याच्या स्वभावास विसंगत आहे. लेखकानें १९२६ सालीं उत्तर दिलें कीं, चीनमध्यें क्रांति झाली नसती तर आह-क्यू क्रांतिकारक झाला नसता. ती झाली म्हणून तो झाला. आम्हांस हें उत्तर पुरेसें वाटतें. बुडत्याला जी फळी दिसते ती तो धरतो, फळीचें लांकूड कोणत्या जातीचें हें पाहत बसत नाहीं. दुसरा आक्षेप १९२८ सालीं चिएन शिंग-त्सुन ह्या तरुण टीकाकारानें घेतला, तो असा कीं आह-क्यूचा काळ मेला. आतां चिनी शेतकरी संघटित व जागृत झाला आहे. आह-क्यू हा केवळ एका काळच्या मजुराचें चित्र असता तर आक्षेप खरा ठरता. परंतु दुसऱ्याच्या दुःखाचा तमाशा करणारी गर्दी कोणत्या देशांत व कोणत्या काळीं मेली आहे?

कथेंत दोष नाहींत असें नव्हे. पहिल्या प्रकरणांतील चरित्रलेखनाच्या प्रकारांविषयींचा लांबलचक खल चिनी इतिहासग्रंथांशीं परिचय नसलेल्या वाचकास कंटाळवाणा होतो. स्त्रियांच्या पात्रांकडे लेखकानें पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं. ज्या वू नांवाच्या मोलकरणीवरून आह-क्यूवर सारें गांव उलटलें, तिच्या मनांत काय होतें हें आपल्याला कळत नाहीं. आह-क्यूला हसणाऱ्यांना जाब विचारणारा लेखक तिला मात्र गर्दीच्या नजरेनेंच पाहतो, हें वैगुण्य आम्हांस बोचतें.

कांहीं वर्षांपूर्वीं ही कथा आम्हीं वर्गांत वाचून दाखविली. खवड्यांच्या डागांपाशीं वर्ग खदखदून हसला, आणि खरें सांगावयाचें तर वाचतांना आम्हींहि हसलों. मागच्या बांकावरील एक विद्यार्थी तेवढा हसला नाहीं. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतीवर सालानें राबत होता, हें आम्हांस मागाहून कळलें. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, असा माणूस आमच्या गांवांत आहे. तोहि अशाच गोष्टी सांगतो. पण रात्रीं झोंप यावी म्हणून सांगतो." आम्ही त्यास काय उत्तर दिलें तें आतां स्मरत नाहीं, बहुधा कांहीं दिलें नसावें. मानसिक विजय हा राष्ट्राचा रोग आहे हें आम्ही नुकतेंच वर्गाला समजावून दिलें होतें. ज्याच्या हातीं दुसरें कांहींच नाहीं, त्याला रात्रीपुरतें मिळणारें तें एकमेव पांघरुण आहे, हें त्या मुलानें एका वाक्यांत सांगितलें, आणि आमचें व्याख्यान लंगडें झालें.

म्हणून ही कथा घरोघर वाचली जावी असें आम्हांस वाटतें. मुलांनीं ती वडिलांसमोर मोठ्यानें वाचावी, आणि जेथें हसूं येईल तेथें खुशाल हसावें; लेखकाची तशी इच्छाच आहे. मात्र वर्तुळाच्या प्रसंगापाशीं आल्यावर क्षणभर थांबावें, आणि आपल्या अंगणांत, आपल्या शेतावर, आपल्या कचेरीच्या व्हरांड्यांत जो मनुष्य वर्षानुवर्षें उभा आहे, त्याचें आडनांव आपल्याला ठाऊक आहे काय, हें एकदां आठवून पाहावें.